दुपारची सीट

सीट सोडायला गेले होते, एवढंच काम. निकाल लागून आठवडा झाला होता. पण आधी त्या सीटचं सांगते, नाहीतर म्हणाल बाईचं डोकं फिरलंय.

आमच्या जबलपूरला गढा भागात गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्यात. तिथं एका टेबलाचे दोन मालक असतात, एक सकाळचा, एक दुपारचा. मी सकाळची. पहाटे पाचपासून नऊपर्यंत अभ्यास, मग दिवसभर ऑफिसची टपाल नोंदणी, मग घरच्या पोळ्या. एकोणिसाव्या वर्षी वडील गेले, त्यांच्या जागी अनुकंपेवर लागले आणि बी.ए. अर्धवट राहिलं. बेचाळिसाव्या वर्षी दूरस्थ पद्धतीनं पुन्हा धरलं, तर शेवटच्या वर्षाला दोनदा आपटले. यंदा तिसऱ्यांदा गेलं असतं तर नोंदणीच रद्द.

"काहून एवढा जीव काढून राहिली तू?" आमचे हे म्हणायचे. "प्रमोशन नाही झालं तर काय उपाशी मरतो आपण?"

प्रमोशनसाठी नव्हतंच ते. मग कशासाठी, हे मात्र मला सांगता यायचं नाही.

जानेवारीत एकदा टेबलावरच डोळा लागला. दचकून उठले आणि वही तशीच टाकून ऑफिसला पळाले. दुसऱ्या पहाटे बघते तर माझं अर्धं उत्तर कुणीतरी पुरं केलेलं. गोल, सुबक, निवांत अक्षर. माझं अक्षर म्हणजे ऑफिसनं केलेले कोंबडीचे पाय. म्हटलं, दुपारवाली कुणी हुशार पोरगी असेल.

मग मी वही मुद्दाम ठेवू लागले. रोज एक धडा लिहिलेला मिळायचा. माझं नेमकं कुठं अडतं, ते तिला आधीच ठाऊक असायचं. इतकं समजावून मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. त्या वहीच्या जोरावर मी पास झाले, आणि स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले.

म्हणून सीट सोडायच्या दिवशी तिच्यासाठी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जलेबी नेली. अभ्यासिकेच्या मालकाला, योगेंद्रला, तिचं नाव विचारलं.

"दीदी, दोपहर में उस सीट पे कोई नहीं है… पूरा साल खाली गई."

"फिर लिखता कौन है, भैया?"

त्यानं रजिस्टर उघडून दुपारचा कोरा रकाना दाखवला.

वर गेले. भर दुपार, परीक्षा संपल्यामुळे हॉलमध्ये चिटपाखरू नाही. पंखा बंद, आणि ताज्या शाईचा वास. टेबलावरच राहिलेल्या माझ्या वहीत नवं पान होतं : "सगळे धडे झाले. परीक्षा कधी आहे?"

मी खाली लिहिलं, "झाली. मी दिली. तू कोण?" कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पिऊन परतले, तर उत्तर तयार.

"कु. क्षमा भाऊराव देवपुजारी."

लग्नाआधीचं माझं नाव. अक्षरही माझंच, एकोणिसाव्या वर्षीचं. इतके महिने मला ते ओळखू आलं नव्हतं.

भीती वाटली का? नाही हो, हात जोडावेसे वाटले. पंचवीसेक वर्षं मी बाहेर राबत होते, आणि ही पुस्तकावरून उठलीच नव्हती…

मग नजर पुढच्या ओळीवर गेली.

"झाली कशी? बाबा तर स्कूटर घेऊन खाली थांबलेत, मला सोडायला."

खाली गल्लीत हॉर्न वाजला. थोडं थांबून पुन्हा… घाई न करता, पोरगी पुस्तकं गोळा करतेय हे माहीत असल्यासारखा.

खिडकी हाताच्या अंतरावर होती. मी ती उघडली नाही, आणि त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.