मिरीच्या पाठीवरचे केस

साबणाच्या फेसाची अख्खी बादली त्या माणसाच्या बुटांवर रिकामी झाली, आणि वर भिंगरीच त्याच्यावर खेकसली.

“अहो, डोळे कुठे ठेवून चालता?”

“तुमच्या कालवडीवर,” तो बूट झटकत म्हणाला. “चुकलंच. बादलीवर ठेवायला हवे होते.”

भिंगरीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. सकाळपासून ती मिरीला, आपल्या कालवडीला, घासूनपुसून तयार करत होती. एका जागी पाय ठरत नाही म्हणून बाबांनी तिचं नाव भिंगरी पाडलेलं, आणि बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! त्यांनी निक्षून सांगितलं होतं : आज जनावरांच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला तरच मिरी पैदाशीसाठी घरी राहील. नाहीतर तिला विकत न्यायला दलालाची गाडी बाहेर उभीच होती. आणि मिरीला तर भिंगरीने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं.

“मागचे पाय सुरेख आहेत हिचे,” तो काळ्याभोर मिरीभोवती फिरत म्हणाला. “खूर भक्कम. मालकीण मात्र जरा तापट दिसते…”

“मालकिणीला नंबर देत नाहीत इथे.”

“नशीब बाकीच्यांचं!”

अगं बाई! भिंगरीचे कान तापले. मिरीचं दावं तिने सरळ त्याच्या हातात दिलं आणि फणी घेऊन कामाला लागली. पण स्तुतीने माणूस पाघळतो, आणि पाघळलेल्या माणसाची जीभ सुटते.

“एक गंमत सांगू? खांद्यामागे हिची पाठ किंचित खोलगट आहे. साबण लावून तिथले केस उभे विंचरले ना, की पाठ कशी पट्टीने आखल्यासारखी दिसते! कुणाच्या बापाला कळणार नाही.”

त्याचा चेहरा एकदम उतरला. “हे… हे मला सांगायला नको होतं तुम्ही.”

“का? चहाडी करणार?”

तो काही बोलणार एवढ्यात कर्णा खरखरला. “कालवडींच्या परीक्षकांनी रिंगणात यावं!” त्याने दावं तिला परत दिलं, खिशातला बिल्ला काढून छातीवर लावला आणि मान खाली घालून निघून गेला.

म्हणजे हाच परीक्षक! भिंगरी दावं धरून रिंगणाकडे निघाली.

रिंगणात आठ कालवडी गोल फिरत होत्या. कुंपणापलीकडे बाबा हाताची घडी घालून उभे होते, त्यांच्या शेजारी दलाल. परीक्षक एकेकीला थांबवून पाहत होता. छाती, बरगड्या, कंबर, पाय… आणि शेवटी पाठीवरून हात. भिंगरीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मेला असा कसा, जणू ओळखतच नाही! तिने दाव्याचा हाताला आणखी एक वेढा दिला.

तो मिरीपाशी आला. हात वर उचलला… आणि पाठीच्या वीतभर वर तो थांबला.

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, दरारा नव्हता. बिचारा कात्रीत सापडला होता. हात दाबला तर तिच्या विश्वासाचा घात, न दाबला तर स्वतःच्या कामाशी बेइमानी. आणि या कात्रीत त्याला घातलं कुणी? तिनेच.

भिंगरीने कमरेचा ओला फडका काढला आणि मिरीच्या पाठीवरून सपकन फिरवला. उभे केस चापूनचोपून बसले. खोलगट भाग सगळ्या मैदानाला दिसला. कुंपणापाशी कुजबुज झाली.

“आता बघा,” ती म्हणाली. “आहे तशी आहे.”

त्याचा हात पाठीवर टेकला. कितीतरी वेळ.

निकाल देताना परीक्षकाला कारणं सांगावी लागतात. त्याने माइक घेतला. “पहिली तांबडी कालवड. पाठ सरळ, अंगात खोट नाही. दुसरी काळी. पाठ खोलगट, म्हणून दुसरी. पण पाय म्हणाल, तर या रिंगणात तिच्यासारखे कुणाचेच नाहीत. पैदाशीला मी हिलाच ठेवलं असतं… वळू तेवढा सरळ पाठीचा बघायचा.”

दुसरी! भिंगरीचे डोळे भरून आले. दलाल पुढे झाला, त्याने दाव्याला हात घातला.

“थांबा,” बाबा म्हणाले. ते खाली वाकून मिरीचे पाय न्याहाळत होते. “पाय गेलेल्या गाईंनी जन्मभर रडवलंय मला. ही घरी जाईल.” काळ्या दगडावरची रेघ पुसली गेली, तीही भर दुपारी, चार लोकांत.

मिरीला पाणी पाजायला भिंगरी नळावर गेली, तर तो तिथे आधीच उभा. बूट अजून ओलेच.

“दुसरा नंबर दिला म्हणून रागावलात?”

“हो. खूप.” तिने बादली नळाखाली सरकवली. “मी केस बसवले नसते तर काय केलं असतंत?”

“माइकवर सांगितलं असतं, या कालवडीची परीक्षा मला जमणार नाही. मग लोकांनी कारण विचारलं असतं…”

“काय सांगितलं असतंत?”

“खरं ते.” त्याने मिरीच्या पाठीवर हात ठेवला. “इतकी वर्षं हे काम करतोय, हात कधी थांबला नव्हता. आज थांबला. तुम्ही… तुम्ही मला फार आवडलात.”

भिंगरीने नळ आणखी सोडला.

“रविवारी घरी या,” ती म्हणाली. “वळू निवडायचाय. बाबांना परीक्षकाचं मत हवंय.”

“आणि तुम्हाला?”

“मला परीक्षक नकोय. नुसते तुम्ही या.”

बादली कधीच भरली होती. पाणी त्याच्या बुटांवरून वाहत होतं, पण तो हलला नाही. आणि भिंगरीही तिथेच उभी होती, एका जागी.