दोघांची खोली

जरा दिव्याजवळ सरकून बसा, सांगते. घाईने सांगण्यासारखं ते नाही, आणि हल्ली मला घाई झेपतही नाही.

सुरुवात अगदी साधी होती. दोन दिवस कुठेतरी जाऊन यायचं, एवढंच. मी कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला आहे. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात, त्या गरम रोलरमधून काढायच्या आणि घड्या घालायच्या. दिवसाला सातशे-आठशे. उभ्याने, वाफेत. घरी आले की भिंगरी, म्हणजे माझी साडेचार वर्षांची लेक, पळत येऊन गळ्यात पडायची आणि मला तिचंसुद्धा ओझं व्हायचं. आईने असं बोलू नये, पण व्हायचं. त्यात माझा जीव काळजीखोर. झोपेतून तीनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघणार आणि सकाळी माझेच डोळे उघडणार नाहीत.

माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरणारी मावशी एक दिवस म्हणाली, "अगं, जाऊन ये कुठेतरी. तोंड बघ आरशात, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं झालंय." तिनेच एका बेटाचा फोन नंबर लिहिलेला कागद दिला. तिलाही कुणीतरी दिलेला. लहानसं बेट, चहूकडे वाळू, तासाभरात पायी फिरून होतं. राहायला एकच घर, त्यात चार खोल्या. शनिवारी सकाळी होडी नेते, रविवारी संध्याकाळी परत आणते.

घरी बेत सांगितला. हे खूश झाले. हे बसच्या डेपोत टायर बदलतात, त्यांनाही कुठे कधी सुट्टी मिळते. सासूबाई मात्र म्हणाल्या, "समुद्र काय पळून चाललाय? पोरगी जरा मोठी होऊ दे."

"आई, पोरगी मोठी होईपर्यंत आम्ही म्हातारे होऊ," हे म्हणाले.

"झालात तर झालात. मी नाही का झाले? मला कुणी नेलं होतं समुद्रावर?"

असं म्हणाल्या, आणि मग स्वतःच माळ्यावरची पिशवी काढून झटकून दिली. त्यांचं असंच आहे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या मागच्या जिन्यावर बसून फोन लावला. बाईमाणसाचा आवाज आला. दमलेला. मला बरं वाटलं, आपल्यासारखीच कुणीतरी आहे म्हणून.

"या शनिवारी खोली आहे का?"

"एक आहे. दोघांची. तिघं असाल तर नाही देता येणार."

माझं मनच खचलं. पुढचा शनिवार आमच्या दोघांच्या सुट्टीत बसत नव्हता. त्याच्या पुढचा तर नाहीच. आतून मुकादमीण हाका मारत होती, रोलर सुरू झाला होता. मी पटकन म्हणाले, "दोघंच आहोत. म्हणजे मुलगी आहे एक, पण लहान आहे. माझ्या कुशीतच झोपते. तिला मोजू नका."

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मुलीला मोजायचं नाही?"

"नको."

"नीट ठरवून सांगा, बाई. इथे होडीवाला माणसं मोजून आणतो, मोजून नेतो. वहीत असतील तेवढीच. त्याचं काम तसंच आहे पहिल्यापासून."

"हो हो. दोनच लिहा."

"बरं," ती म्हणाली. "लिहिले दोन."

मी आत जाऊन चादरी धरल्या. मावशीला म्हणाले, "जमलं गं." दिवसभर पाय दुखले नाहीत त्या दिवशी.

मंगळवारी संध्याकाळी सासूबाईंनी ताटं मांडली. तीन. भिंगरी तिच्या जागेवर बसून वाट बघत होती. मी म्हणाले, "आई, हिचं?" त्यांनी भिंगरीकडे बघितलं. बघितलं म्हणजे नजर तिच्यावरून गेली, पुढे भिंतीला लागली आणि मग परत आली. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "विसरलेच की." वयाने होतं असं. मी फार मनावर घेतलं नाही.

बुधवारी हे उन्हाच्या टोप्या घेऊन आले. एक त्यांना, एक मला. भिंगरीने हात पुढे केला. हे तिथेच उभे राहिले. "दुकानदाराने विचारलं किती. मी दोन म्हटलं. तोंडातून तेच आलं बघ..." यांची मुलगी म्हणजे यांचा जीव. कामावरून येताना तिच्यासाठी रिकाम्या हाताने कधी आले नाहीत. त्या दिवशी रिकामे आले, आणि तीही रडली नाही. हात मागे घेतला आणि गप्प जाऊन बसली.

मला त्या गप्प बसण्याची भीती वाटली.

गुरुवारी तिला शाळेतून आणायला गेले. दुपारचं लख्ख ऊन होतं. फाटकातून मुलं बाहेर येत होती, आया नेत होत्या, गर्दी कमी होत होत गेली आणि शेवटी मी एकटी उरले. बाई वर्गाला कुलूप लावून पायऱ्या उतरत होत्या.

"बाई, भिंगरी?"

"सगळी मुलं गेली की."

"अहो, ती आली नाही अजून."

"मी रोज मोजून सोडते. आज एकवीस होती, एकवीस सोडली."

"तुमच्या वर्गात बावीस आहेत ना?"

बाई थांबल्या. ओठ हलले त्यांचे, मनातल्या मनात मोजत असाव्यात. मग पळतच परत वर गेल्या आणि कुलूप उघडलं.

आत पंखा बंद होता. खडूचा आणि कोंदलेल्या ऊबेचा वास होता. भिंगरी तिच्या चटईवर बसली होती, पाठीला दप्तर, पायात बूट, निघायच्या तयारीत. "मी हाक मारली," ती म्हणाली. "मी बाईंचा पदर पण ओढला..."

बाई रडायलाच लागल्या. मला त्यांच्यावर रागावता येईना. कारण मला कळलं होतं. आमच्या कारखान्यात प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला नंबराची पट्टी असते. चुकून एखाद्याला पट्टी लावायची राहिली की तो कपडा हरवत नाही. तिथेच असतो, डोळ्यांसमोर, पण कुणाच्याच गठ्ठ्यात जात नाही. कोणी चोरलेला नसतो. आत घेतानाच त्याला मोजणीतून सोडलेलं असतं. आणि इथे सोडणारी मीच होते.

शाळेच्या भिंतीला टेकून मी फोन लावला. दुसऱ्या हातात भिंगरीचं मनगट. इतकं घट्ट की ती "आई, दुखतंय" म्हणाली.

"आमच्या मुलीला लिहा," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. तीन आहोत आम्ही."

"वही होडीवाल्याकडे गेली, बाई."

"मग खोली नको. रद्द करा सगळं."

"करते की," ती म्हणाली, तशीच दमलेली. "पण दोघांचं रद्द होईल. जिला लिहिलंच नाही, तिला खोडू कसं?"

पलीकडून लाटांचा आवाज येत होता, बारीक, आणि त्यात एक लहान मूल मोजत होतं. एक, दोन... परत एक, दोन... पुढे जातच नव्हतं.

"तुमची मुलगी आहे का ती?" मी विचारलं.

"माझी नाही. राहिलीय इथे."

"कुणाची?"

"वहीत नाही," ती म्हणाली. मग तिचा आवाज थोडा खाली आला. "असं करा. शनिवारी धक्क्यावर या. मुलीला होडीत बसवा आणि त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवून मोजायला लावा. तो बसल्याशिवाय कुणाला मोजत नाही. एकदा मोजली की झालं."

शुक्रवारी मी कामावर गेले नाही. भिंगरीला शाळेत पाठवलं नाही. तिला समोर बसवून दिवसभर एक, एक, एक असं म्हणत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "काय मांडलंय हे?" दुपारी त्या माझ्याशी बोलत बोलत आल्या आणि पलंगावर बसल्या, भिंगरीच्या पायांवरच. ती ओरडली तेव्हा इकडेतिकडे बघायला लागल्या, आवाज कुठून आला म्हणून.

शनिवारी सकाळी धक्क्यावर गेलो. आभाळ राखेसारखं, वारा नाही, पाण्याला कुजक्या दोरखंडाचा वास. होडी लहान होती. आत सहा-सात माणसं आधीच बसलेली. होडीवाला म्हातारा, अंगाने सुकलेला, मांडीवर लांबट वही. तो मान वर करत नव्हता. माणूस आत येऊन बसलं की हात ठेवायचा आणि आकडा म्हणायचा. प्रत्येक घराचं वेगळं मोजायचा.

आम्ही बसलो. त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एक." माझ्या खांद्यावर. "दोन." आणि वहीत बघून पुढच्या माणसाकडे वळला.

"थांबा," मी म्हणाले. "हिला मोजा."

"वहीत दोन आहेत."

"मी चुकीचं सांगितलं. हिला मोजा. हात ठेवा हिच्यावर."

हे म्हणाले, "अगं, माणसं बघतायत..."

"बघू देत!" मी होडीवाल्याचा हात धरला आणि भिंगरीच्या डोक्यावर नेऊन दाबला. गार होता, ओल्या लाकडासारखा. तो हात बराच वेळ तिथे राहिला. आंधळा माणूस चाचपतो तशी त्याची बोटं तिच्या केसांतून फिरली. मग तो म्हणाला, "तीन," आणि दोनवर काट मारून तीन लिहिले.

त्याच क्षणी समोर बसलेली एक बाई भिंगरीकडे बघून हसली. "अय्या, केवढी गोड आहे हो! कधीपासून बसलीय, दिसलीच नाही मला." यांनी आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली आणि तिला जवळ ओढलं, इतक्या मायेने, जणू पाच दिवसांनी भेटली.

पण मला त्या बेटावर जायचं नव्हतं. मी उठले. "उतरायचंय आम्हाला."

"आता?" हे म्हणाले. "डोकं फिरलंय का तुझं? खोली घेतली, सुट्टी घेतली..."

"अहो, पाया पडते तुमच्या. उतरा."

माझा चेहरा बघून त्यांनी पिशवी उचलली. होडीवाला फळीपाशी आडवा उभा राहिला.

"उतरताना मोजावं लागतं," तो म्हणाला.

हे उतरले. "एक." मी उतरले. "दोन." मी वळून भिंगरीला दोन्ही हातांनी उचलून घेतलं. "तीन."

मी हुश्श केलं. पण त्याचा हात तसाच पुढे होता. भिंगरी उभी असती तर तिचं डोकं जिथे आलं असतं, त्याच्याही वीतभर खाली आला तो हात, फळीच्या वर, रिकाम्या हवेत, आणि तिथे टेकला. कशावर तरी टेकतो तसा टेकला.

"चार," तो म्हणाला.

त्याने वहीची कितीतरी पानं मागे उलटली, कुठेतरी पार सुरुवातीला, आणि तिथे एक बारीकशी खूण केली. मग पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सांभाळून न्या," म्हणाला.

परत येताना हे हसले. "म्हातारा मोजण्यात चुकतो गं. अशाने कुणाला तरी बुडवेल एक दिवस." मीही हसले असेन. घरी येऊन सगळे दुपारभर झोपलो, सासूबाईसुद्धा.

झालं त्याला आता आठ महिने. भिंगरी ठीक आहे. शाळेत बाई तिचं नाव सगळ्यांच्या आधी घेतात. तिला कुणी विसरत नाही. त्या बेटाचा नंबर मी परत कधी लावला नाही, आणि मावशीला विचारलं तर ती म्हणते तो कागद कुणी दिला ते आठवत नाही.

फक्त एक आहे. भिंगरी आता स्वतःला मोठी समजते, बसमध्ये माझ्याजवळ बसत नाही. पलीकडच्या खिडकीशी बसते, एकटी, ऐटीत. माझ्या मांडीवर काही नसतं. पिशवीसुद्धा मी खाली पायाशी ठेवते. तरी आमचा थांबा आला की मला चटकन उठता येत नाही. दोन्ही मांड्या बधिर झालेल्या असतात, आणि साडीवर मधोमध, खोलगट, एक ऊबदार जागा असते.