शेराच्या कुळातलं बोटभर रोप

“चोरी झालीय, आणि तरी काहीच गेलेलं नाही,” आलेल्या बाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

मास्तरांनी वहीतून डोकं वर काढलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या तपासांची टिपणं ठेवत. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको आणि पेशाने खाजगी गुप्तहेर. मास्तरांची टिपणं चोख असत. त्यातून काही निष्पन्न करणं मात्र त्यांना आजवर जमलं नव्हतं.

“सावकाश सांगा,” वहिनी म्हणाल्या. “भावोजी, पंखा जरा वाढवा.”

बाई वनस्पतिशास्त्राच्या संशोधक होत्या. त्यांच्या संस्थेत वाळवलेली हजारो झाडं कागदांवर लावून कपाटांत जपलेली होती. त्यातच शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका खडकाळ टेकडीवरून आणलेलं, शेराच्या, म्हणजे कुंपणाला लावतात त्या चिकाळ झाडाच्या कुळातलं, बोटभर उंचीचं रोप होतं.

“नव्या जातीला नाव देताना एक वाळवलेलं रोप पुरावा म्हणून ठेवतात. तो मूळ नमुना. पुढे शंका आली की त्याच्याशी ताडून बघायचं. हे रोप तसलं आहे.”

“आणि शंका आलीय?”

“आमचे सर, निवृत्त विभागप्रमुख. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी अशाच एका रोपाला नवी जात समजून आपल्या पत्नीचं नाव दिलं. हा जुना नमुना तेव्हा अडगळीतल्या पेटीत पडून होता, कुणी पाहिलाच नव्हता. मला तो गेल्या महिन्यात सापडला. माझ्या मते दोन्ही एकच जात आहेत. तसं ठरलं, तर नियमाने आधीचं नाव राहतं, सरांनी दिलेलं बाद होतं. काल मी मोजमापं घ्यायला कागद काढला. कागद तोच, चिठ्ठी तीच, शिक्का तोच. रोप मात्र दुसरंच!”

“हे कशावरून?”

“इतक्या वर्षांत कागदावर रोपाची तपकिरी सावली उमटते. आताचं रोप त्या सावलीत बसत नाही. दोरे सुरेख घातलेत, पण सावली काही बदलता येत नाही ना! माझ्याकडे फोटो आहे, पण बिया भिंगाखाली बघितल्याशिवाय नाव ठरत नाही.”

“तुमची शंका कुणाला ठाऊक होती?”

“दहा दिवसांपूर्वी, शनिवारी, चहाच्या वेळी बोलले होते. सर होते, काचघराचे माळीबुवा होते, आणि ताई. कागदांवर झाडं लावायचं काम त्यांचं.”

तासाभरात तिघं संस्थेत पोचले.

ताईंचं टेबल संशोधक बाईंच्या टेबलाला लागूनच होतं. त्यावर खळीची वाटी, सुई, दोऱ्याची रिळं आणि सुरकुतले कागद सपाट करायची छोटी इस्त्री. ताईंनी खोलीतही काळा चष्मा लावला होता.

“डावा डोळा आलाय,” त्या म्हणाल्या. “आठवडा झाला, उतरेल आता.”

“रजा घ्यायची की,” वहिनी म्हणाल्या.

“घरी बसून काय करू? लग्न केलं नाही, मागे कुणी नाही. तीस वर्षं या वाळलेल्या झाडांतच रमलेय. बाहेरच्या हिरव्या झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही!” त्या हसल्या आणि चहाचा ट्रे पुढे केला. “हे गोड आहेत. हा बिनसाखरेचा, भावोजींचा.”

वहिनींनी संस्थेत शिरताना आपल्याला मारलेली हाक ताईंनी बरोबर टिपली म्हणून मास्तर सुखावले. त्यांना दोन चमचे साखर लागे, पण एवढ्या अगत्याला नाही कसं म्हणायचं? त्यांनी तोंड वाकडं न करता तो कप संपवला.

काचघरात माळीबुवा रबरी हातमोजे घालून कुंड्या हलवत होते.

“तीन वर्षं झाली मला इथं, पण असला आचरटपणा पाहिला नव्हता,” ते म्हणाले आणि एका कुंडीकडे बोट दाखवलं. “ही त्याच आफ्रिकेतल्या रोपाची चुलत बहीण म्हणा. गेल्या सोमवारी बघतो तर फांदी गायब. कात्रीने घेतलेली नाही, पिरगळून मोडलीय. चीक ठिबकून खालची फरशी चिकट झाली होती.”

“तुम्ही नाही मोडलीत?”

“मी? पानसुद्धा धारदार कात्रीने घेतो मी. आणि याच्या चिकाशी खेळ नको. हात लागला तर आधी साबण, मगच दुसरं काम. सर स्वतः येतात तेव्हा तेही मोजे मागून घेतात.”

सर खिडकीपाशी बसले होते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला तो दोन्ही हातांनी, तरी थोडं पाणी शर्टावर सांडलंच.

“फायदा माझाच आहे, तेव्हा संशयही माझाच घ्या,” ते म्हणाले. “ही जाऊन सात वर्षं झाली. त्या नावाखेरीज तिचं काय उरलंय? पण मी हे केलेलं नाही.” मग दाराकडे बघत ते पुटपुटले, “आज माझा चहा कुठे अडकला कोण जाणे. साखर सोडल्यापासून वेगळा येतो, म्हणून विसरतात की काय.”

बाहेर आल्यावर मास्तर हळूच म्हणाले, “वहिनी, मला तर सरच वाटतात. सरळ आहे.”

“भावोजी, मघाशी तुम्ही कुणाचा चहा प्यालात?”

“माझा!”

वहिनी नुसत्या हसल्या. “सगळ्यांना लांब टेबलापाशी बोलवा.”

ऊन टेबलाच्या मध्यापर्यंत आलं होतं. वहिनींनी तो कागद समोर ठेवला.

“पहिली गोष्ट. फांदी हाताने पिरगळलेली आहे. माळीबुवा कात्रीशिवाय घेत नाहीत. सर आणि संशोधक बाई, दोघांनाही हा चीक किती जहाल ते ठाऊक आहे. ज्याने मोडली, त्याला ताज्या झाडांची सवय नव्हती. दुसरी गोष्ट, हे टाके. केसाएवढ्या बारीक दोऱ्याने देठ बांधलाय. सरांच्या हातात पेला ठरत नाही, सुई काय ठरणार? आणि नमुना हरवून संशोधक बाईंचं कामच बुडतं.”

वहिनींनी ताईंच्या काळ्या चष्म्याकडे बघितलं.

“ताई, साथीने डोळे आले की शेजाऱ्यालाही येतात. तुमच्या टेबलाला टेबल लावून बसणाऱ्या बाईंचे डोळे स्वच्छ आहेत. तुमचाही एकच बिघडलाय, आणि आठवडाभर. चिकाचा हात डोळ्याला लागला की असंच होतं. फांदी मोडली त्यालाही आठवडाच झालाय. ती इस्त्रीने वाळवलीत ना?”

“पण ताईंना काय गरज?” संशोधक बाई गोंधळल्या. “नाव तर सरांच्या पत्नीचं!”

“चहा आठवा. ‘बिनसाखरेचा, भावोजींचा.’ मास्तरांना वाटलं, आपल्यालाच म्हणाल्या. पण मास्तर गोड पितात. बिनसाखरेचा पिणारे सर, आणि त्यांचाच कप आज पोचला नाही. भावोजी म्हणजे नवऱ्याचा भाऊ, नाहीतर बहिणीचा नवरा. ताईंचं लग्नच झालेलं नाही.”

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दिवसातून पन्नास वेळा ऐकलेला शब्द, आणि तोच त्यांनी वहीत लिहिला नव्हता.

ताईंनी चष्मा काढला. डावा डोळा सुजून अर्धा मिटला होता.

“वशिल्याने लागले असं कुणी म्हणू नये, म्हणून नव्या माणसांना नातं कधी सांगितलं नाही. जुनी माणसं होती तोवर त्यांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “अक्कानेच मला वाढवलं. तिला मूलबाळ नाही, फोटोसुद्धा दोनच. तेवढं एक नाव होतं पुस्तकात. भावोजींना यातलं काहीच ठाऊक नाही.”

“मूळ रोप कुठे आहे?” वहिनींनी विचारलं. “तुम्ही ते टाकून दिलं नसणार.”

ताईंनी खण उघडून कागदाची पुडी काढली. पुडीवर सुबक अक्षरात नमुन्याचा क्रमांक आणि तारीख होती. चोरी करतानाही त्यांनी नोंद चुकवली नव्हती.

संशोधक बाईंनी पुडी भिंगाखाली उलगडली, पण बघायला आधी सरांना बोलावलं. सर बराच वेळ वाकून राहिले.

“बियांवरच्या खाचा बघ,” ते अखेर म्हणाले. “एकच जात आहे. चूक माझी.”

ताईंनी तोंडाला पदर लावला.

“सर, बाद झालेलं नाव पुसत नाहीत,” संशोधक बाई घाईघाईने म्हणाल्या. “खऱ्या नावाखाली ते छापतातच, कायम.” मग त्या ताईंकडे वळल्या. “पण संचालकांना मला लिहावं लागेल.”

“लिहा. खाली मीच सही करते.”

सर खुर्चीत बसले. “अगं, तुझ्या अक्काला हे झाड मुळीच आवडलं नव्हतं. नाव ठेवलं तेव्हा दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हणे, ना फूल, ना वास, हात लावला तर आग. माझी आठवण यायला तुम्हाला हेच सापडलं?”

ताईंना हसू फुटलं, आणि हसताना डोळा चुरचुरला म्हणून पाणीही आलं.

नाव बदललं की कागदावर नव्या नावाची चिठ्ठी लावतात. सरांनी ती मागवली. ते एकेक शब्द सांगत गेले, ताई लिहीत गेल्या, आणि खाली सरांनी वेडीवाकडी का होईना, स्वतः सही केली.