खाणारा पुढे, आंबा मागे

मृणालिनी शिकवायला नव्हे, आवरायला आली होती. परळच्या चाळीतल्या या खोलीत तिचे वडील गिरणीकामगारांना संध्याकाळी इंग्रजी शिकवत. ते जाऊन महिना झाला होता. शनिवारी खोली चाळकमिटीला परत द्यायची, की संपलं. दिवसभर फोर्टातल्या कचेरीत टाइप करून तिची बोटं बधिर झाली होती.

दार उघडंच होतं. बाकावर एकटा तरुण, वहीवर वाकलेला.

"बाकीचे?"

"संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेलेत, बाई. मी रामदास. सोमवारी गिरणीच्या हापिसात कारकुनीची परीक्षा आहे. बदली कामगार म्हणून आणखी किती सकाळी कामाची वाट बघत गेटवर उभं राहायचं?"

तिने वही ओढली. 'रामा एट अ मँगो'पुढे ठाम अक्षरात लिहिलं होतं — पॅसिव्ह.

"हे पॅसिव्ह?"

"'रामाने आंबा खाल्ला.' कर्मणीच की! क्रियापद आंब्याचं ऐकतं. शाळेत मास्तरांनी छडी मारून शिकवलंय."

तिला हसू आलं... आणि त्याचंच नवल वाटलं.

"इंग्रजीत तसं नाही. खाणारा पुढे असला तर अ‍ॅक्टिव्ह. आंबा पुढे आला, 'वॉज ईटन' झालं, की पॅसिव्ह."

"आणि खाणारा?"

"मागे, 'बाय'ला धरून. नाहीतर गायब."

"खाऊन पळाला असेल."

ती रोज येऊ लागली. तिसऱ्या दिवशी ती बोटं चोळताना दिसली, तसा त्याने तिच्या हातातला खडू काढून घेतला. "तुम्ही नुसतं सांगा. लिहितो मी." बोटांना बोटं लागली. दोघंही फळ्याकडेच बघत राहिली.

शनिवारी त्याची वीसच्या वीस वाक्यं बरोबर आली. तिला आनंद व्हायला हवा होता.

"तुमच्या गिरगावात काढाल वर्ग?"

"नाही. दमलेय मी, रामदास."

"पहिल्या दिवसापासून दिसतंय." तो थांबला. "मग आता भेट..."

पुढचं तो का बोलत नाही, हे तिला कळत होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आणि तिच्या गिरगावातल्या चाळीत तशा माणसाला अजून उंबऱ्याबाहेरूनच पाणी मिळे.

"उद्या घरी या," ती म्हणाली.

"आई असतील."

"असेल. तिला काल सांगितलंय."

"काय?"

"तुम्ही कोण, कुठले..." तिने पुस्तकांच्या गठ्ठ्याची गाठ उगाच घट्ट केली. "आणि मला आवडता."

त्याने हातातला खडू फळ्याखाली ठेवला. मग हळूच, "त्या काय म्हणाल्या?"

"काल काहीच नाही. आज सकाळी विचारलं — जेवायला येणार, की नुसता चहाला?"

"जेवायला," रामदास म्हणाला. "पण साधंच करा. आणि वाढायला मी. तुम्ही जरा बसा."

मृणालिनी तिथेच बाकावर बसली. वडील गेल्यापासून अडून राहिलेलं रडू आता आलं, आणि तो शेजारी नुसता बसून राहिला.