बोकडाच्या दुधाचा चहा

"सांभाळून धरा, तो कोपरा दुमडला तर तात्यांचं नाक वाकडं होईल," राजनंदिनी म्हणाली.

"मंग आता काय सरळ हाय का?" सुकन्या म्हणाली, आणि हसता हसता फ्लेक्सचं दुसरं टोक तिच्या हातातून सुटलं.

पाथरवाडीच्या विजयसिंह तात्यांच्या गॅरेजमधून सकाळपासून सामान बाहेर निघत होतं. हात जोडलेले तात्या, हात उंचावलेले तात्या, वाढदिवसाचे तात्या, असे फ्लेक्सचे ढीग. मोडक्या पायांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. जळालेली मोटर, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. शिवाय गरीब मुलांना वाटायला म्हणून आणलेली आणि कधीच न वाटलेली शाळेची दप्तरं. उंदरांनी ती कधीच वाटून घेतली होती. तात्यांनी नवी पांढरी गाडी घेतली होती. ती इतकी लांब की तिचं तोंड आत घातलं तर शेपूट बाहेर राहायचं. म्हणून गॅरेज रिकामं करायचं आणि सगळा पसारा घरामागच्या परसात नव्या शेडमध्ये न्यायचा, असं ठरलं होतं.

राजनंदिनी ही तात्यांची पुतणी. ती बीडहून उन्हाळ्याच्या सुट्टीला आली होती. अंगद आणि सुकन्या ही बहीणभावंडं गावातलीच. त्यांचे आईबाप मेंढ्या घेऊन लांब गेले होते, आणि दोघं साखराबाई आजीजवळ राहत होती. तिघं मिळून सामान ओढत होती. पप्पू एका धड खुर्चीवर बसून मोबाईलवर बोट फिरवत होता. आपण तात्यांचा उजवा हात आहोत, असं तो स्वतःच सांगायचा. त्या हातानं केलेलं एकही काम मात्र गावात कुणी पाहिलं नव्हतं.

खुर्च्यांची चळत घेऊन अंगद शेडमध्ये शिरला आणि तिथंच थबकला. "नंदू, इकडं ये. हे काय हाय बघ."

शेड झकास होतं. लोखंडी अँगलवर नटबोल्टनी कसलेले निळे पत्रे, कमरेएवढी भिंत, तिच्यावर जाळी. आणि भिंतीच्या कडेनं गुडघ्याएवढी, सिमेंटची एक लांबलचक कुंडी.

"हौद आहे का?" राजनंदिनीनं विचारलं.

"हौद न्हाई. ही गव्हाण हाय. शेळ्यांना चारा टाकायची. अन् फरशी एका बाजूला उतरती कावून केली? मूत वाहून जावं म्हून."

"तात्यांच्या खुर्च्या चारा खातात?"

"खातही असतील," सुकन्या म्हणाली. "सभेत त्यांच्यावर बसनारी मान्सं तर खातातच."

तेवढ्यात पप्पूचा फोन वाजला. मोठी माणसं मुलांसमोर बोलताना त्यांना खुर्च्यांसारखंच समजतात. पप्पू तर त्यातला पुढारी. ही दोन पोरं कुणाची आहेत, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"हां, बोल बे," तो मोठ्यानं म्हणाला. "शेड तयार हाय. शेळ्यांच्या शेडची सरकारी योजना हाय ना, तिच्यातूनच बसवलंय. नाव त्या साखराबाईचं, जागा तात्यांची. म्हातारीला काय कळतंय? मंगळवारी बीडच्या हापिसातल्या मॅडम तपासायला येनार. तिच्याच शेळ्या तासभर आनून बांधायच्या. फोटो निघाला की शेळ्या घरी अन् खुर्च्या आत. डोकं लागतं बे त्याला."

अंगदच्या हातातली चळत खाली पडली. पप्पूनं मान वर करून फक्त एवढंच म्हटलं, "ए, खुर्ची तुटली तर बघ."

त्या संध्याकाळी तिघं साखराबाईच्या झोपडीपाशी गेली. झोपडीपुढं बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि त्यात शेळ्या. होळीनंतर लांडगा दोनदा कुंपणात शिरला होता, आणि दोन्ही वेळा एकेक करडू घेऊन गेला होता. तेव्हापासून साखराबाई रोज रात्री काठी घेऊन शेळ्यांमध्येच बसून राहायची. दिवसा रानात, रात्री पहाऱ्यावर. परवा चालता चालताच तिचा डोळा लागला आणि ती बांधावरून खाली पडली. कोपर अजून सुजलेलं होतं. त्यात तिची चांदी नावाची शेळी गाभण, थोड्याच दिवसांत व्यायची.

"आज्जी, तुमचं शेड मंजूर झालं नाही का?" राजनंदिनीनं विचारलं.

"न्हाई बाय. तात्या म्हनले, तुजं नाव यादीत बसलं न्हाई." साखराबाई डोळे चोळत म्हणाली. "पर त्यांनी लई खटपट केली माज्यासाठी. उपकार हायेत त्यांचे."

राजनंदिनीला तात्यांचा इतका राग आला की कान गरम झाले. तिनं बाजूला जाऊन बीडला बाबांना फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस. आंबे खा."

"काय म्हनले?" सुकन्यानं विचारलं.

"तात्यांचेच भाऊ आहेत ते. दुसरं काय म्हणणार?"

"आज्जीला सांगू का मी?" अंगद म्हणाला.

"नको," सुकन्या म्हणाली. "ती म्हनंल, जाऊ दे, मोठी मान्सं हायेत. अन् शेळ्या स्वतः नेऊन देईल, वर पाया पडंल."

राजनंदिनी कुंपणाजवळ बसून विचार करत राहिली. मग ती म्हणाली, "त्यांना शेळ्या पाहिजेत ना? मग मंगळवारी शेळ्याच नसल्या तर?"

मंगळवारी दिवस उगवायच्या आत अंगदनं आजीला सांगितलं की खिंडीच्या पलीकडं बाभळीच्या शेंगांचा सडा पडलाय. ते खोटं नव्हतं. साखराबाई सगळ्या शेळ्या घेऊन निघाली. पप्पू इस्त्रीचा शर्ट घालून डुलत डुलत आला तेव्हा कुंपणात लेंड्यांशिवाय काही नव्हतं. लिंबाच्या झाडावर बसलेल्या तिघांनी त्याचं उतरलेलं तोंड मनसोक्त पाहून घेतलं.

पण त्यांचा आनंद फार टिकला नाही. ती तात्यांच्या परसात येऊन पाहतात तर शेड भरलेलं. काळी, तांबडी, शिंगाळी जनावरं गव्हाणीला ओळीनं बांधलेली, आणि पप्पू कपाळाचा घाम पुसत उभा.

"ह्या कुनाच्या शेळ्या आनल्या?" सुकन्या पुटपुटली.

अंगदनं जाळीतून नीट पाहिलं, नाकानं वास घेतला आणि तोंडावर हात दाबून तो खालीच बसला. त्याला हसू आवरेना.

"शेळ्या कुठल्या? बोकड हायेत सगळे! तात्यांच्या कंदुरीचे."

नव्या गाडीसाठी तात्यांनी नवस बोलला होता. तो फेडायला शुक्रवारी कंदुरी होती, म्हणजे अख्ख्या गावाला मटणाचं जेवण. त्यासाठी आणलेले बोकड गोठ्यात बांधले होते. पप्पूनं तेच सोडून आणले होते. फोटोत चार पाय दिसले की झालं, असा त्याचा हिशोब होता.

"मॅडमना कळेल की मग," राजनंदिनी म्हणाली.

मॅडमना कळलं नाही. त्या गाडीतून उतरल्या, काळा चष्मा नीट केला, नाकाला रुमाल लावला आणि शेडपासून चांगल्या लांब उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी मोबाईलवर फोटो काढले. तात्या खादीच्या कपड्यांत कडक उभे होते. गावातली रिकामी माणसंही तमाशा पाहायला जमली होती. बोकड पाहून ती एकमेकांना कोपरानं ढोसत होती, पण तोंड उघडत नव्हती. शुक्रवारचं जेवण कुणाला बुडवायचं नव्हतं.

"छान निरोगी आहेत शेळ्या," मॅडम म्हणाल्या. "साखराबाई कुठं आहेत?"

"फार आजारी आहे हो म्हातारी," तात्या हळहळत म्हणाले. "अंथरुणावर आहे. म्हणून तर तिच्या शेळ्या आम्ही सांभाळतो. माणुसकी म्हणून."

अंगदच्या मुठी वळल्या. राजनंदिनीनं त्याचा हात दाबला.

"सुकन्या, पळ," ती कानात म्हणाली. "आज्जी एव्हाना खिंडीतून परत निघाली असेल, तिला घेऊन ये. शेळ्यांसकट. तोवर मी मॅडमना थांबवते."

"कसं?"

"चहानं."

मॅडम गाडीकडं वळणार एवढ्यात राजनंदिनी अगदी गुणी मुलीसारखी पुढं झाली. "तात्या, मॅडम एवढ्या उन्हात आल्यात. त्यांना शेळीच्या दुधाचा चहा द्यायचा का? शेळ्या समोरच आहेत, आत्ताच धार काढता येईल."

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "शेळीचं दूध मी कधी चाखलंच नाही."

चारचौघांत दिलदारपणा दाखवायची संधी तात्यांनी आजवर सोडली नव्हती. शिवाय त्यांनी बोकड फक्त ताटात पाहिला होता. "का नाही?" ते म्हणाले. "पप्पू, काढ धार."

पप्पूचा चेहरा पांढरा पडला. त्यानं डोळ्यांनी खुणा केल्या, भुवया उडवल्या, मान हलवली. "तात्या, ह्या... ह्या सकाळी देत न्हाईत."

"कावून देत न्हाईत? एवढ्या धष्टपुष्ट. ही काळी बघ, दोन तांबे तरी देईल. बस खाली."

जमलेल्या लोकांत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली. मग दुसऱ्याला आली. अंगदनं पळत जाऊन स्वयंपाकघरातून पितळी तांब्या आणला आणि मोठ्या आदबीनं पप्पूच्या हातात दिला. "घ्या पप्पूभाऊ. सावकाश काढा."

पप्पू बसला. दुसरं करणार काय? तांब्या धरून त्यानं काळ्या बोकडाच्या पोटाखाली हात घातला आणि इकडंतिकडं चाचपायला लागला. बोकडानं आधी मान वळवून हा कोण पाहुणा आलाय ते नीट पाहिलं. मग दोन पावलं मागं सरकून अशी ढुशी दिली की पप्पू गव्हाणीत आडवा झाला आणि तांब्या घरंगळत थेट मॅडमच्या पायाशी आला.

आता खोकायची कुणालाच गरज राहिली नाही. लोक पोट धरून हसत होते.

मॅडमनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा शेडच्या जवळ आल्या. त्यांचे डोळे उघडायला एक बोकड लागला.

"ह्या शेळ्या आहेत?"

"हे कंदुरीचे बोकड हायेत मॅडम," अंगद म्हणाला. "तात्यांच्या गाडीच्या नवसाचे. शेळ्या त्या येतायत बघा."

खिंडीच्या वाटेनं धूळ उडाली. पुढं सुकन्या, मागं शेळ्या आणि सगळ्यांत मागं काठी टेकत साखराबाई. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणं अंथरुणाला खिळलेली म्हातारी ऊन डोक्यावर घेऊन डोंगर उतरून आली होती. ती धापा टाकत परसात शिरली, तिनं निळ्या पत्र्यांकडं पाहिलं, गव्हाणीकडं पाहिलं.

"हे तुमचं शेड आहे, आजी," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नाही?"

"माजं?" साखराबाईला ते खरंच वाटेना. तिनं तात्यांकडं वळून विचारलं, "तात्या, तुमी तर म्हनलेते की माजं नाव बसलं न्हाई. मी तुमचे पाय धरले की ओ."

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं. बोकड पाहूनही ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं ते जमिनीकडं बघायला लागले.

तात्यांना घाम फुटला, पण जीभ शाबूत होती. "मॅडम, अहो, इथं नुसतं जोडून पाहिलं. नटबोल्टचं तर आहे. तिच्याच दारात न्यायचं होतं."

"मग आजच न्या," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "फरशी आणि गव्हाण तिकडं तुमच्या पदरचं सिमेंट घालून बांधा. मी पुन्हा येईन, आणि जवळ जाऊन बघेन. आज जे पाहिलं ते वर कळवायचंच आहे."

"तात्या, चहा ठेवू का?" राजनंदिनीनं विचारलं. तात्यांनी तिच्याकडं असं पाहिलं की उद्याच बीडची गाडी धरावी लागते की काय, असं तिला वाटलं. पण मॅडम ऐकत होत्या, म्हणून त्यांना हसावं लागलं.

शेड सुटं करून ट्रॅक्टरवर चढलं आणि साखराबाईच्या दारात पुन्हा उभं राहिलं. बोल्ट पप्पूनं कसले. तो उजवा हात आहे म्हणून मुलांनी त्याला पाना उजव्या हातातच धरायला लावला. फ्लेक्स आणि खुर्च्या मुकाट्यानं गॅरेजात परतल्या, आणि लांब पांढरी गाडी लिंबाखाली राहिली. तिच्या टपावर काय करायचं ते कावळ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

सिमेंट वाळल्यावर शेळ्या आत गेल्या. जाळीचं दार लागलं. चांदी त्याच दिवशी तिथंच व्याली, दोन करडं झाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चांगलं वर आल्यावर, झोपडीच्या वाटेनं मोठ्या माणसांची मिरवणूकच आली. पुढं तात्या, हातात हार. बरोबर शाळेचे बद्रीनाथ गुरुजी, चारसहा पुढारी आणि फोटो काढायला पप्पू. गावच्या हुशार मुलांचा सत्कार करायचा, आणि शेड आपणच दिलं हे त्यातच सांगून टाकायचं, असा तात्यांचा बेत होता.

"अरे, कुठं आहेत आमचे वाघ?" तात्या लांबूनच गरजले. "आमच्या पुतणीला मी नेहमी सांगत आलो, अन्यायाशी..."

झोपडीच्या दारात तिन्ही मुलं बसली होती. अंगद उठून त्यांच्या आडवा उभा राहिला. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "आज्जी झोपलीय."

सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. काठी कोपऱ्यात होती. साखराबाई वाकळेवर हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. होळीनंतर पहिल्यांदाच ती घरात झोपली होती, आणि एवढं ऊन आलं तरी कूसही बदलत नव्हती.

तात्यांनी पुन्हा तोंड उघडलं. तिन्ही मुलं एकदम म्हणाली, "श्श्!"

गुरुजी खाली वाकले आणि तिघांच्या कानात हळूच "शाब्बास" म्हणाले. मग त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. त्यांचं बघून पुढाऱ्यांनी काढल्या, आणि शेवटी तात्यांनीही. हार तसाच हातात धरून सगळी मोठी माणसं चवड्यांवर चालत, एक शब्द न बोलता परत गेली.