तांबडी खिडकी

वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. प्लास्टिकचा पातळ कागद. काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या काचेवर लावला की झाला रंगीत टीव्ही.

*

“फ्रिज मिळाला तर काय ठेवाल त्यात, बायजाबाई?”

“मावरं ठेवीन. उरलेलं नासनार नाय.”

“मासे! मग बाकीच्यांनी नाक कुठे ठेवायचं?”

(हशा. बराच वेळ हशा.)

*

‘काय दिवस होते यार! आत्ताच्या शोमध्ये ही मजा नाही.’ एका व्हिडिओखालची प्रतिक्रिया.

*

एक वरवंटा. काळा दगड, एक टोक झिजलेलं. दगडाला भुसा चिकटलेला.

*

जनाबाई पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली आहे. मांडीवर डबा. डबा आत न्यायला परवानगी नाही.

*

“मावशी, खालची घ्या! खालची!”

*

हा शेवटचा आवाज रविवारी संध्याकाळी टेंभी नाक्याजवळच्या एका सभागृहात रेकॉर्ड झाला. पुढच्याच क्षणी दोर ओढला गेला आणि शेवंती पाठारे रंगमंचावर कोसळल्या.

उपनिरीक्षक दीप्ती ओव्हाळ मोबाइलवर ते चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघत होती.

‘खिडकी उघड!’ हा १९८७ सालचा गाजलेला खेळ. रंगमंचावर तीन मजली घराचा देखावा. दर मजल्याला एक खिडकी, तिन्हींचे रंग वेगळे. स्पर्धकाने मजला सांगायचा आणि त्या खिडकीचा दोर ओढायचा. बक्षिसाची चिठ्ठी पडली तर नशीब, नाहीतर डोक्यावर भुसा. स्पर्धक नेहमी वरची, मधली, खालची असंच म्हणायचे. रंगाचं नाव घ्यायचे ते फक्त सूत्रसंचालक प्रशांत वर्तक. तेही कार्यक्रम संपताना, कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारत: “मी असतो, तर तांबडी!”

त्यांनी ती कधीच उघडली नाही. म्हणून रविवारच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर ठळक ओळ होती, ‘तांबडी राखीव! वर्तक स्वतः उघडणार!’

जुना खेळ, जुना सूत्रसंचालक, तसाच नवा सेट. सभागृह खचाखच भरलेलं.

पहिल्या स्पर्धक शेवंतीबाई. तांबडी राखीव असल्यामुळे दोनच खिडक्या उरल्या. त्यांनी मधली मागितली. मधलीतून भुसा पडला आणि भुशाबरोबर वरवंटा. त्या अजून शुद्धीवर आलेल्या नव्हत्या.

पंचनाम्यात बाकीच्या खिडक्या उघडल्या. वरच्या तांबडीत फुलांच्या पाकळ्या. खालच्या निळीत बक्षिसाची चिठ्ठी.

सेट बनवणारा पेंटर चंदू सोमवारी दुपारी कोठडीत गेला.

“उद्या त्याला कोर्टात उभा कर,” वरिष्ठ म्हणाले.

“उद्यापर्यंत वेळ द्या, सर,” दीप्ती म्हणाली.

*

“वरवंटा कोणाचा, चंदू?”

“माझाच, मॅडम. आंबिवलीच्या शेडमधला. रंगाचे खडे फोडायला ठेवलेला.”

“खिडक्या कोणी भरल्या?”

“कार्यक्रमाच्या समितीतल्या माधवीताई आणि प्रणितने. शुक्रवारी. तेव्हा प्लायवूड कोरं होतं, रंग लागलेला नव्हता. भरून झाल्यावर मी मागनं फळ्या ठोकलेल्या. ताईच बोलल्या, आधी बंद कर, कोणी आत डोकवायला नको.”

“रंग कधी मारलास?”

“शनिवारी. एकट्याने. जुना रंगीत फोटो होता, त्यात बघून मारलेला. वर तांबडा, मध्ये हिरवा, खाली निळा.”

“शेवंतीबाईंशी तुझं भांडण होतं.”

“त्यांनी सोसायटीतून माझं काम काढून घेतलेलं. शिव्या घातल्या मी. पण मॅडम, शिव्यांनी माणूस मेला असता तर आमच्या चाळीत कोण राहिलं असतं?”

हवालदार मारुतीला हसू आलं. ते त्याने मिशीखाली दाबलं. चंदूला आत पाठवून तो परत आला.

“मॅडम, दगड याचा, खिळे याचे, शनिवारभर सेट याच्या ताब्यात. अजून काय पायजे?”

“शेवंतीबाई मधलीच मागणार, हे याला कसं कळलं?”

दीप्तीने टेबलावरचं पोस्टर त्याच्यापुढे सरकवलं.

“कोण कुठली खिडकी उघडणार, हे एकाच माणसाच्या बाबतीत आधीपासून ठरलेलं होतं. अख्ख्या ठाण्यात पोस्टर लागलेलं.”

“वर्तक? पण त्यांची तांबडी. तांबडीत तर पाकळ्या निघाल्या.”

“तिथेच अडतंय,” दीप्ती म्हणाली.

*

एकच प्रश्न, तिघांना. तो जुना खेळ आठवतो? ते घर कसं दिसायचं?

प्रणित, कार्यक्रमाचा व्यवस्थापक: “मी तेव्हा जन्मलोच नव्हतो, मॅडम. पण फोटो मीच शोधलेला. महिनाभर माझ्या मोबाइलचा वॉलपेपर तोच आहे, बघा. वर रेड, मध्ये ग्रीन, खाली ब्लू.”

“खिडक्या भरताना तू तिथेच होतास?”

“वरची आणि खालची मी भरली. मग फोन आला म्हणून बाहेर गेलो. मधली ताईंनी भरलेली. चंदूदादा चहा करत होता.”

प्रशांत वर्तक, डोंबिवलीच्या घरी, रेशमी झब्ब्यात: “आठवतं म्हणजे काय! ते घर माझ्याच कल्पनेतलं. तांबडी सर्वांत वर, कारण मी सर्वांत वर!”

“तुमच्यावर कोणाचा राग?”

“माझ्यावर? लोकांनी प्रेम केलं हो माझ्यावर.”

“कार्यक्रमात कोणाचा अपमान केला होता का?”

“सगळ्यांचाच! लोक त्यासाठीच बघायचे.” ते मनापासून हसले. “ती मासेवाली बाई बघा, नाकाचा विनोद. आमच्या जाहिरातीत तीच क्लिप टाकली आहे. पोरं अजून हसतात.”

“रविवारी तुम्ही सभागृहात कसे गेलात?”

“माधवीताई सकाळीच घ्यायला आल्या. दिवसभर माझ्याबरोबर, अगदी पडदा वर जाईपर्यंत. इतकी आपुलकी हल्ली कोण दाखवतं?”

माधवी, समितीच्या कार्यवाह, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. टेबलावर फुलदाणी, खुर्चीत ताठ: “न आठवायला काय झालं? दर बुधवारी बघायचे. वरची खिडकी आभाळासारखी निळी, मधली तांबडी, खालची हिरवी. अजून डोळ्यांसमोर आहे.”

दीप्तीने चहाचा घोट घेतला. घाई केली नाही.

“चित्रीकरणात तुमचा आवाज आहे, मॅडम. ‘खालची घ्या’ म्हणून.”

“सगळं सभागृह ओरडत होतं. तीच तर त्या खेळाची गंमत.”

“पण समितीतल्या कोणी काही सुचवायचं नाही, हा नियम तुम्हीच केलेला.”

“उत्साहात भान राहिलं नाही,” माधवी म्हणाल्या.

*

कळव्याला खाडीच्या बाजूचं बैठं घर. ओट्यावर जाळं वाळत घातलेलं. क्लिपमधली बाई आता म्हातारी झाली होती, पण हनुवटी तीच.

“बस गो पोरी. च्या घेशील?”

“नको, आजी. त्या खेळाबद्दल विचारायचं होतं.”

“मना तो इसरायचा हाय, नि तुमी लोक परत परत दावता. आता मोबाइलवर.”

“तेव्हा घरी टीव्ही होता तुमच्या?”

“होता ना. काळा-पांढरा. वर तो रंगीत कागद लावलेला. मी टीवीत दिसनार म्हनून आख्खी आळी बगाला आलेली.” बायजाबाई थांबल्या. “मीच बोलावलेली.”

“मुलगी होती घरी?”

“पार पुढं बसलेली. दुसरे दिशी शालंत पोरी तिला बगून नाक दाबाच्या. ती कंदी बोलली नाय. मी पन इचारलं नाय. आमचे घरान त्या खेलाचं नाव कोन काढीत नाय.”

“तांबडी खिडकी कुठे होती, आठवतं?”

“मी तिचे खाली उभी होती गो. पार वरती होती.”

भिंतीवर पदवीदानाचा फोटो होता. काळ्या झग्यातली मुलगी. दीप्तीने तो फोटो बराच वेळ पाहिला.

“आजी, तुमच्या जावयाचं आडनाव काय?”

*

दुसऱ्या दिवशी कोर्टाची वेळ व्हायच्या आधी दीप्तीने सगळ्यांना सभागृहात बोलावलं. सेट अजून तसाच उभा होता. वर्तक पहिल्या रांगेत. प्रणित आणि माधवी मागे. चंदूला मारुतीने आणलं.

“दगड शेवंतीबाईंसाठी नव्हता,” दीप्ती म्हणाली. “वर्तकसाहेब, तो तुमच्यासाठी होता.”

“मूर्खपणा. माझी तांबडी वर आहे.”

“आहे. पण दगड ठेवणाऱ्याच्या मते ती मध्ये होती. शुक्रवारी प्लायवूड कोरं होतं. कुठली खिडकी तांबडी होणार, हे ज्याचं त्याला आठवणीतूनच ठरवायचं होतं.”

ती सेटजवळ गेली.

“चंदूला वर्तकसाहेबांना मारायचं असतं, तर ब्रश त्याच्याच हातात होता. दगड मध्ये असेल तर त्याने मधलीच तांबडी रंगवली असती. शेवंतीबाईंना मारायचं असतं, तर त्या कुठली मागतील याची त्याला खात्री नव्हती. प्रणितच्या मोबाइलवर महिनाभर खरा फोटो आहे, तो चुकला नसता. वर्तकसाहेब स्वतः शेडमध्ये गेलेच नाहीत. राहिलं कोण?”

तिने मधल्या दोराला हात लावला.

“तो खेळ काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर बघणारं एक मूल. काचेवर रंगीत कागद. वरचा भाग निळा दिसायचा, मधला तांबूस, खालचा हिरवा. वर्तक दर आठवड्याला म्हणायचे, ‘तांबडी!’ आणि त्या मुलाला मधली खिडकी तांबडी दिसायची. माधवी मॅडम, काल तुम्ही मला तेच रंग सांगितलेत. ते सेटचे रंग नाहीत. ते तुमच्या घरच्या काचेवरच्या कागदाचे रंग आहेत.”

माधवीने मान वर केली.

“तांबडी राखीव आहे, म्हणजे कुठल्याही स्पर्धकाचा हात मधल्या दोराला लागणार नाही, असा तुमचा हिशेब होता. रविवारी तुम्ही वर्तकांना सोडून कुठेच गेला नाहीत, म्हणून रंगवलेला सेट तुम्ही पाहिलाच नाही. पडदा वर गेला आणि तांबडी वरच्या मजल्यावर दिसली. मग तुम्ही स्वतःचाच नियम मोडून ओरडलात, ‘खालची घ्या!’ तुम्ही बायजाबाईंची मुलगी आहात.”

“कोण बायजाबाई?” वर्तक म्हणाले.

माधवी उभी राहिली. आवाज अगदी शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

“बघा, मॅडम. जाहिरातीत क्लिप टाकली, तिच्यावर दात काढले, आणि नाव आठवत नाही. मी समितीत हात जोडून सांगितलं, ती क्लिप नको. सगळे म्हणाले, अहो ताई, तीच तर बेस्ट आहे. त्या रात्री ठरवलं. माझी आई त्यानंतर बाजारात तोंड झाकून बसायची. मासे विकणारी बाई तोंड झाकून! हा माणूस रस्त्यातून हार घालून मिरवत होता.”

“ताई, अहो, तो विनोद होता,” वर्तक म्हणाले.

“मग हसा. हसा ना आता.”

वर्तक हसले नाहीत. त्यांचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला होता.

“पडदा वर गेल्यावर खेळ थांबवता आला असता,” दीप्ती म्हणाली.

“आला असता. पण मग हा सुटला असता. मला वाटलं, त्या खालची घेतील, दगड आत तसाच राहील, याच्यासाठी दुसरी वेळ शोधीन.” पहिल्यांदा तिचा आवाज चिरला. “शेवंतीबाईंची मी गुन्हेगार आहे. त्यांच्या घरच्यांनी माझं काय वाटेल ते करावं. चंदू, तुझीही. पण याची माफी मी मागणार नाही. मला फाशी दिलीत तरी नाही.”

“एकदा आईला विचारलं असतंत ना, तर तिने सांगितलं असतं तांबडी कुठे होती ते,” दीप्ती हळूच म्हणाली. “ती तिच्याच खाली उभी होती.”

माधवी खाली बसली. बसली ती तशीच राहिली. मारुतीने बरोबरच्या महिला शिपायाला खूण केली, तेव्हासुद्धा तिने मान वर केली नाही.

*

दुपारी चंदू सुटला. बाकावर त्याच्या आईने, जनाबाईने, डबा उघडला, आणि तो उभ्याउभ्याच जेवला.

“तुझा वरवंटा खटला संपल्यावर मिळेल रे,” मारुती म्हणाला.

“नको, साहेब. तो तुम्हीच ठेवा.”

रुग्णालयातून फोन आला. शेवंतीबाईंनी डोळे उघडले होते आणि पाणी मागितलं होतं.

डोंबिवलीला वर्तकांनी दार आतून लावून घेतलं आणि बेल वाजली तरी उघडलं नाही.

*

१९८७ साली बायजाबाईंचा भाग चित्रित झाला, त्या दिवशी तिन्ही खिडक्यांत भुसाच भरलेला होता.