लाल गाडीच्या गळ्यातली चीर

त्या दिवशी तिघं सातपुड्यात शिरले ते वाघ बघायला नाही, गाड्या पारखायला! डिसेंबरात जळगावच्या मुलींची टोळी मोटारसायकलवरून थेट कच्छच्या रणात उतरणार होती. अट एकच, प्रत्येकीची गाडी स्वतःची. सुलक्षणा आणि सपना दोघी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, दोघींच्या हाती कोरं लायसन्स, आणि दोघींना परवडणार होती फक्त जुनी गाडी. स्वस्त, पण वाटेत दगा न देणारी!

चोपड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी पितांबर नावाचा माणूस जुन्या गाड्या विकायचा. त्याच्या अंगणात दोनच गाड्या उभ्या होत्या. एक लालभडक, रुंद टाकीची, आरशासारखी चकाकणारी. दुसरी राखाडी, शंभर सीसीची, दुधाच्या कॅन अडकवायचे लोखंडी आकडे अजून बाजूला लटकलेले.

एस्टीतून आणलेलं हेल्मेट सुलक्षणा खाली ठेवेपर्यंत सपना लालवर बसलीसुद्धा!

"ताई, गाडी नही, वाघीण शे!" पितांबर खुशीत म्हणाला. "आन् तुमलेच शोभस!"

झालं! सुलक्षणाच्या पोटात मिरची फुटली. हे नेहमीचंच. गॅदरिंगचा नाच बसवला सुलक्षणाने, शिट्ट्या सपनाला. सपनाला गाडी शिकवली सुलक्षणाने, आणि 'काय चालवते पोरगी!' हे कौतुक कुणाचं? सपनाचंच! बरं, ती वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ती मेली डब्यातला शेवटचा घाससुद्धा अर्धा करून द्यायची.

तिसरे होते नवलकाका, सुलक्षणाचे चुलते. त्यांचा सगळा जन्म बैलबाजारात सौदे जुळवण्यात गेलेला. "बैल दावणवर नही, चढवर वळखू येस," असं म्हणून त्यांनी पितांबरकडून कबूल करून घेतलं होतं की, बैलजोडी जुंपून पाहतात तशा दोन्ही गाड्या दिवसभर घाटात पळवून पाहायच्या. त्यांचा दुसरा नियम सुलक्षणाला लहानपणापासून पाठ होता. जनावराची खोड दिसली तरी चारचौघांत बोलायची नाही. मनात ठेवायची आणि भाव ठरवताना रुमालाखाली गिऱ्हाइकाचं बोट दाबून इशारा द्यायचा!

काका बाजेवर चहा पीत बसले, आणि सुलक्षणा गाड्यांभोवती फिरली. राखाडीचं इंजिन गार होतं, म्हणजे आधी तापवून ठेवलेलं नव्हतं. पहिल्याच किकला चालू! धूर नाही. चेनचे दाते शाबूत. हिचे सुटे भाग तर कुठल्याही आडगावच्या गॅरेजात मिळतील. मग ती लालपाशी वाकली. हँडलच्या मुळाशी, टाकीच्या खाली, चासीच्या गळ्यावर रंग जरा जास्तच ताजा वाटला. तिने नख फिरवलं. नख अडकलं! रंगाखाली जुनं वेल्डिंग होतं, आणि वेल्डिंगमध्ये केसाएवढी चीर.

"काय गं, काही आहे का?" वरून सपनाने विचारलं.

"काही नाही."

काकांचाच नियम पाळतेय मी, तिने मनाला बजावलं. पण रुमाल कुठे होता? सौदा कुठे होता? आत नुसती मिरची होती. घे, मिरव!

निघाले! सपना पुढे, मागे राखाडीवर सुलक्षणा आणि काका. सागाची वाळकी पानं चाकांखाली पापडासारखी मोडत होती. नाल्यात गुडघाभर पाणी. लाल गाडी गुरगुरत पार झाली. राखाडी मात्र वाळूत रुतली! सपना गाडी ठेवून पाण्यात परत आली, खांदा लावला, आणि तिघांनी रेटून गाडी काठावर काढली.

तिथे सुलक्षणाने लालकडे पाहिलं. रंगाचे पोपडे उडाले होते. चीर बोटभर झाली होती!

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात काका हसले. "सपना व्हती म्हनीसन तू पार व्हयनी, पोरी!"

तोंड मिटलं.

माथ्यावर मोकळं पठार होतं. दूरवर निळसर डोंगरांच्या ओळी एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या, वारा गवत विंचरत होता, आणि खाली उतरणारी वाट दरीच्या कडेकडेने वळत वळत झाडीत बुडत होती.

"सुले, ठरलं! लालच घेते," सपना म्हणाली. "ती दूधवाली तुला. आकड्याला डबे अडकवू, भाकरीची सोय होईल!" आणि हसत हसत ती उताराला लागली.

उतार! पुढचा ब्रेक दाबला की सगळा भार गळ्यावर! सुलक्षणाने राखाडीला किक मारली.

"काका, उतरा!"

"कसाले?"

"उतरा म्हणते ना!"

काका अजून एका पायावर होते, तोवर गाडी सुटली. "सपना! थांब!" सपनाने मागे वळून पाहिलं. हात हलवला. आणि वेग वाढवला! तिला वाटलं, शर्यत लागली!

पुढे वळण. मग आणखी एक वळण. अंतर वाढतच चाललं. डावीकडे गुरांची पायवाट सरळ खाली उतरत होती. सुलक्षणाने हँडल वळवलं. दगड! मुळं! आकडे खडखडले. करवंदीने बाही फाडली. गाडी उसळली, आपटली, पण बंद पडली नाही! धाडकन ती खालच्या रस्त्यावर आली आणि आडवी उभी राहिली. समोरून लाल गाडी येत होती.

"ब्रेक हळू दाब! मागचा! मागचा दाब!"

सपनाने मागचा ब्रेक दाबला. वेग मंदावला. शेवटी, सवयीने, बोटं पुढच्या ब्रेकवर गेली.

कडाड्!

हँडलसकट पुढचं चाक आत दुमडलं. सपना उडून पानांच्या ढिगात पडली. दरी तिथून चार हातांवर होती.

कोपर सोलवटलं होतं. बाकी पोरगी धड! तिने तुटलेला गळा पाहिला. मग सुलक्षणाचा चेहरा.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पायथ्यापासून." सुलक्षणाने सांगून टाकलं. "मला जळायला होतं गं तुझ्यावर. म्हणून बोलले नाही."

सपनाने पाठ फिरवली आणि कोपराची माती झटकली. 

काका धापा टाकत पोचले. त्यांना सगळं कळलं तेव्हा ते सुलक्षणाकडे वळले. "पोरी, खोड बैलनी लपाडतस. मानूस त्याना पाठवर बशेल व्हता ना!" मग तुटक्या गाडीशेजारी बसत ते म्हणाले, "खाले जाईसन पितांबरले सांगा, तो ट्रॅक्टर लिसन येस तोपावत मी बससू आठे. त्यानासंगे मले बोलनं शे. चांगलं जोरमा!"

मग प्रश्न उरला राखाडीचा. चढ, उतार, गुरांची वाट, सगळ्याला ती पुरून उरली होती. कच्छपर्यंत जाणारी गाडी हीच, यात शंका नव्हती. आणि ती एकच होती.

सुलक्षणाने चावी काढली आणि सपनापुढे धरली. "तू घे. मी यंदा येत नाही."

सपनाने चावी घेतली. नको म्हणाली नाही, उगाच आढेवेढे घेतले नाहीत. कोपराला रुमाल बांधून पुढे बसली आणि मानेनेच म्हणाली, बस.

पहिल्या वळणावर सुलक्षणाच्या लक्षात आलं, आपल्या हाताखाली खडखडणारी ही गाडी सपनाच्या हाताखाली घरच्या मांजरासारखी घुरघुरत होती. पोटात पुन्हा मिरची फुटली! लगेच!

"सपना," ती हेल्मेटजवळ तोंड नेऊन ओरडली, "मला आत्ताही जळायला होतंय तुझ्यावर!"

वाऱ्यातून उत्तर आलं, घुश्श्यातलं, पण उत्तर.

"ओरडू नकोस कानात. घट्ट धर, पुढे उतार आहे."